न तोडलेल्या झाडांचा हिशेब

ब्राझीलच्या पारा राज्यात पॅरागोमिनास नावाचे शहर आहे. ॲमेझॉनच्या पूर्व भागात रस्ते पोहोचले आणि 1980 च्या दशकात या शहराभोवती लाकूडकटाईच्या गिरण्यांची गर्दी झाली. त्या गिरण्यांना माल पुरवणाऱ्या जंगलात काही वनसंशोधक टेप आणि वह्या घेऊन उतरले. ट्रकवर चढून गेलेल्या ओंडक्यांची नोंद गिरणीत होतीच. संशोधकांना मागे राहिलेली झाडे मोजायची होती: मोडलेली, कललेली, साल सोलून निघालेली, मुळासकट हललेली. 1992 साली त्यांनी मांडलेला हिशेब असा होता. बाजारासाठी पाडलेल्या दर एका झाडामागे 10 सेंटिमीटर किंवा त्याहून जाड अशी 27 झाडे जबर जखमी झाली होती, 40 मीटर कच्चा रस्ता उघडला गेला होता आणि सुमारे 600 चौरस मीटर पर्णछत फाटले होते.

एका झाडाचे पैसे होतात. सत्तावीस झाडांचे नुकसान कोणाच्याच खात्यावर चढत नाही.

विषुववृत्ताजवळच्या वर्षावनात सरसकट तोड करून सगळेच लाकूड विकता येत नाही. एका हेक्टरात शंभराहून अधिक जातींची झाडे असू शकतात आणि त्यांतल्या मोजक्याच जातींना बाजारात भाव असतो. म्हणून तिथे निवड तोडीची पद्धत रुळली. ठरावीक घेराच्या वरची, मागणी असलेल्या जातींची झाडे हेरायची, तेवढीच पाडायची आणि बाकीचे जंगल उभे ठेवायचे. उरलेल्या मध्यम वयाच्या झाडांना आता जास्त ऊन मिळेल, ती फोफावतील आणि तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा तोडीला येतील, अशी त्यामागची कल्पना. ही कल्पना चुकीची नाही. शेतीसाठी किंवा कुरणासाठी जंगल साफ करण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण तिचा सगळा भार मागे राहिलेल्या झाडांवर आहे. पुढची तोड त्यांच्यातूनच यायची, बी त्यांनीच धरायचे, सावलीही त्यांनीच द्यायची. म्हणूनच किती झाडे कापली यापेक्षा उरलेली झाडे कोणत्या अवस्थेत सोडली, हा प्रश्न मोठा ठरतो.

बोर्निओ बेटावर पन्नास-साठ मीटर उंचीचे झाड कसे पाडतात ते पाहण्यासारखे आहे. करवतवाला बुंध्याच्या एका अंगाला खाच घेतो, मग उलट अंगाने करवत चालवतो. दोन्हींच्या मधे न कापलेल्या लाकडाची अरुंद पट्टी ठेवलेली असते; झाड तिच्यावर बिजागरीसारखे फिरून खाचेच्या दिशेने जाते. कित्येक टनांचा हा डोलारा खाली येताना शेजारच्यांच्या फांद्या ओरबाडतो, मधल्या उंचीच्या झाडांचे शेंडे उडवतो आणि जिथे आदळतो तिथली रोपटी चिरडून टाकतो. खाच नीट घेतली, तर झाड कोणत्या बाजूला पाडायचे हे बऱ्याच अंशी माणसाच्या हातात असते. घाईघाईत करवत चालवली, तर झाड आपल्या कलाने पडते. मग त्या कलाखाली नेमकी पुढच्या तोडीची तरणी झाडे असली तरी इलाज नसतो.

त्यात वेलींची भर. कोकणात किंवा सह्याद्रीच्या दाट रानात गारंबी पाहिलेल्या माणसाला या वेलींची ताकद सांगावी लागत नाही. मांडीएवढ्या जाडीचे लाकडी खोड, एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलेले. वर्षावनात अशा काष्ठवेलींनी शेजारशेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना बांधून टाकलेले असतात. बुंधा कापलेले झाड जाऊ लागले की वेली ताणल्या जातात. त्या तुटल्या तर ठीक. पण ओल्या, जिवंत वेली सहसा तुटत नाहीत. मग शेजारच्या झाडाची फांदी उखडते, शेंडा मोडतो, नाहीतर ते झाडच मुळासकट ओढले जाते. करवतवाल्याच्या जिवालाही यात धोका असतो, कारण ओढ कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज बांधता येत नाही. यावरचा उपाय साधा आहे. तोडीच्या नऊ-बारा महिने आधी कोयता घेऊन जायचे आणि निवडलेल्या झाडांवरच्या वेली बुडाशी छाटायच्या. वर्षभरात त्या वाळतात, ठिसूळ होतात. फ्रान्सिस पुट्झ या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने आयुष्याची बरीच वर्षे या वेलींच्या अभ्यासात घालवली आणि तोडीआधी वेली छाटण्याचा आग्रह सातत्याने धरला.

झाड पडल्यावर दुसरा टप्पा सुरू होतो, आणि नुकसानीचा मोठा भाग इथे घडतो. ओंडका जंगलाबाहेर काढायचा असतो. पट्ट्यांच्या चाकांचा ट्रॅक्टर किंवा बुलडोझर आत शिरतो. करवतवाला आणि ट्रॅक्टरचालक यांच्यात नकाशा नसेल, ठरलेली वाट नसेल, तर चालक झाड शोधत फिरतो. प्रत्येक फेरीला नवी वाट, प्रत्येक वाटेला नवी झाडे आडवी. पाडलेले झाड कधी सापडतच नाही आणि जागच्या जागी कुजते, असेही बेशिस्त तोडीत घडत आले आहे. ओंडका साखळीने बांधून ओढताना सरळ वाटेवर फारसा त्रास देत नाही. वळणावर मात्र तो आतल्या अंगाला घासतो. वळणावरच्या झाडाच्या बुंध्याची साल पहिल्या फेरीत खरवडते, पाचव्या फेरीत गुडघ्यापासून जमिनीपर्यंत सोलून निघते आणि पांढरे लाकूड उघडे पडते. जाणकार तोडवाले अशा वळणावर एखादे बिनकामाचे झाड मुद्दाम उभे ठेवतात. ते झाड सगळा मार खाते, त्यामागची वाचतात आणि काम संपल्यावर त्यालाच पाडले जाते.

सोललेल्या सालीला इतके महत्त्व द्यायचे कारण झाडाच्या शरीररचनेत आहे. माणसाच्या जखमेवर नवी त्वचा येते, खालचा स्नायू दुरुस्त होतो. झाडात तसे होत नाही. अमेरिकी वनखात्यातले ॲलेक्स शिगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो खोडे उभी-आडवी चिरून आतल्या जखमा पाहिल्या आणि 1970 च्या दशकात दाखवून दिले की झाड जखमी पेशी बऱ्या करत नाही, ते त्यांच्याभोवती तट उभारते. खराब झालेला भाग आत कोंडला जातो आणि बाहेरून नवे लाकूड त्यावर चढते. तट वेळेत उभा राहिला तर झाड निभावते. जखम मोठी असली, बुरशी आधी पोहोचली, वाळवीने वाट काढली, तर कुजणे आतून वर सरकत जाते. उष्ण-दमट हवेत बुरशीला वाटच पाहावी लागत नाही. बाहेरून पंधरा वर्षे हिरवेगार दिसणारे झाड आतून पोकळ झालेले असते. तीस वर्षांनी करवतवाला त्याच्यापाशी येतो तेव्हा ज्याच्या भरवशावर पहिल्या तोडीचे गणित मांडले होते, ते लाकूडच तिथे नसते.

जमिनीखालचे नुकसान तर नजरेलाच पडत नाही. वर्षावनातल्या झाडांची पोषक मुळे मातीच्या वरच्या थरातच पसरलेली असतात. ओल्या मातीवरून अवजड यंत्र दोन-चार वेळा गेले तरी मातीतली हवेची पोकळी दाबून नाहीशी होते. पाणी मुरत नाही, वाहून जाते. मुळे गुदमरतात. वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या, एक ओरखडाही न उमटलेल्या झाडाची निम्मी मुळे अशी तुटलेली किंवा दबलेली असू शकतात. सबामध्ये बुलडोझरच्या जुन्या वाटांवर अठरा वर्षांनंतर केलेल्या पाहणीतही तिथली झाडोऱ्याची वाढ आजूबाजूच्या जंगलापेक्षा मागे पडलेली आढळली.

सबा हे बोर्निओच्या उत्तर टोकाचे मलेशियन राज्य. निवड तोडीचा उरलेल्या झाडांवर काय परिणाम होतो, याचा इतका दीर्घ आणि बारीक अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी झाला आहे. इथल्या डॅनम खोऱ्यात 438 चौरस किलोमीटरचे न तोडलेले जंगल राखून ठेवले आहे आणि त्याच्या भोवती तोड झालेली जंगले पसरली आहेत. तुलनेसाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण. संशोधन केंद्र 1986 पासून चालू आहे. याच खोऱ्यात 2019 साली पिवळ्या मेरांटीचे एक झाड फीत सोडून मोजले गेले: 100.8 मीटर उंच.

मेरांटी, कापूर, केरुइंग ही सगळी डिप्टेरोकार्प कुळातली झाडे. आपल्या मध्य भारतातला साल याच कुळातला, मेरांटीच्याच वंशाचा. बोर्निओच्या सखल जंगलातली उंच झाडे बहुतांश याच कुळातली असल्याने तिथे निवड तोडीत ‘निवडीला’ फारशी मर्यादा राहिली नाही. ॲमेझॉनमध्ये ब्राझीलच्या नियमानुसार हेक्टरी 30 घनमीटर ही कमाल मर्यादा आहे. सबामध्ये एकेकाळी हेक्टरी 100 घनमीटरच्या वर लाकूड निघाले. अशा जंगलात ‘निवडक’ हा शब्द कागदावरच राहतो.

1992 साली सबामध्ये एक वेगळाच करार झाला. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या एका वीज कंपनीने आपल्या धुराची भरपाई म्हणून इथल्या 1,400 हेक्टर जंगलातली तोड काळजीपूर्वक व्हावी यासाठी पैसे दिले. तोड थांबवायची नव्हती, फक्त पद्धत बदलायची होती. तोडीयोग्य झाडांची जागा नकाशावर घेतली. वेली आधी छाटल्या. ओंडके ओढण्याच्या वाटा आखून दिल्या आणि ट्रॅक्टरने वाट सोडू नये असे बंधन घातले. झाड कोणत्या दिशेला पाडायचे ते आधी ठरवले. ओढ्याकाठची आणि तीव्र उताराची जागा वगळली. पाऊस पडून माती भिजली की काम बंद. मिशेल पिनार्ड आणि पुट्झ यांनी या क्षेत्राची शेजारच्या नेहमीच्या तोडीशी तुलना केली. तोडीनंतर एका वर्षाने नेहमीच्या पद्धतीच्या क्षेत्रात झाडांचे मूळचे जैववस्तुमान सुमारे 44 टक्के उरले होते, काळजीपूर्वक तोडलेल्या क्षेत्रात सुमारे 67 टक्के. या उपायांत एकही अद्भुत यंत्र नव्हते. कोयता, नकाशा, फीत आणि शिकवलेली माणसे एवढीच सामग्री होती.

या पद्धतीलाही मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, पूर्व कालिमंतानात, प्लिनिओ सिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत दिसले की हेक्टरी आठापेक्षा जास्त झाडे काढली, तर कितीही काळजी घेतली तरी फायदा जवळजवळ पुसला जातो. झाडेच इतकी पडतात की त्यांना पडायला निर्धोक जागा उरत नाही. नुसता घेर पाहून 60 सेंटिमीटर व्यासाच्या वरची सगळी झाडे तोडण्याचा नियम म्हणूनच अपुरा पडतो. किती काढायची यावरही बंधन लागते.

तोडीनंतर यंत्रे निघून जातात, तरी मृत्यू थांबत नाहीत. पहिली काही वर्षे उभ्या झाडांमधला मृत्युदर नेहमीपेक्षा चढा राहतो. कारणे अनेक आणि एकमेकांत मिसळलेली. चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या आडोशाला वाढलेले उंच, सडसडीत झाड अचानक वाऱ्याच्या तोंडी येते. सावलीत घडलेली पाने थेट उन्हात होरपळतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर दुपारचे तापमान चढते, हवेतला ओलावा उतरतो. हललेली मुळे कोरड्या महिन्यांत पुरेसे पाणी ओढू शकत नाहीत. जखमेतून आलेली बुरशी आपले काम करत असतेच.

पण वाचलेल्या झाडांना लाभही होतो. शेजारचे मोठे झाड गेल्यावर मिळालेल्या उजेडात धडधाकट झाडाचा घेर खरोखरच झपाट्याने वाढतो. प्रश्न एवढाच की ही भरभराट टिकते किती. ॲमेझॉनमधल्या तापाजोस राष्ट्रीय वनात 1979 साली हेक्टरी सरासरी 75 घनमीटर लाकूड काढले आणि पुढे तेरा वर्षे तिथली झाडे मोजली गेली. वाढीचा जोर सुमारे तीन वर्षांत ओसरला. छत पुन्हा मिटले, आणि मिटवणारी झाडे बहुतेक बाजाराच्या कामाची नव्हती.

मोकळ्या जागेचा खरा फायदा भलतेच उठवतात. पाडलेल्या झाडाबरोबर जमिनीवर आलेल्या वेली मरत नाहीत. तुटलेल्या अनेक तुकड्यांना फुटवे येतात आणि उघड्या जागेत वेलींचे जाळे पसरते. त्याखाली दबलेली तरणी झाडे वर्षानुवर्षे वर डोके काढू शकत नाहीत. बुलडोझरने ढवळलेल्या जागी बोर्निओत माकारांगाच्या जाती उगवतात. आपल्याकडे रान उघडे पडले की झटपट वाढणारा चांदाडा त्यांचाच भाऊबंद. बोर्निओतल्या काही माकारांगांच्या पोकळ फांद्यांत मुंग्या राहतात आणि पाने खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, त्यामुळे हे झाड मोकळ्या जागी फारच वेगाने बस्तान बसवते. वरून पाहणाऱ्याला सगळे हिरवे दिसते. पण मेरांटीचे रोप त्या हिरव्यात क्वचितच सापडते.

आणि मेरांटीचे रोप का सापडत नाही, ही या विषयातली सर्वांत काळजीची बाब आहे. डिप्टेरोकार्प झाडे दरवर्षी फळत नाहीत. दोन ते दहा वर्षांतून कधीतरी, बहुधा एल निन्योच्या कोरड्या काळानंतर, शेकडो किलोमीटरच्या परिसरातल्या अनेक जाती एकदम फुलतात आणि पंखवाल्या फळांचा अक्षरशः पाऊस पडतो. रानडुकरे, खारी, पोपट, किडे सगळ्यांनी खाऊनही बी उरावे इतके ते मुबलक असते. या बियांना सुप्तावस्था नाही. पडल्यावर काही दिवसांत, फार तर आठवड्यांत त्या रुजतात किंवा मरतात. म्हणजे जमिनीत साठवलेले बियाणे असा प्रकारच नाही. साठा असतो तो सावलीत वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या गुडघाभर रोपांचा. बुलडोझर चालतो तो नेमका या साठ्यावरून. तो गेला, की पुढचा बहर येईपर्यंत थांबायचे, आणि तो बहर येईल तेव्हा बी देणारी मोठी झाडे उरलेली असली पाहिजेत. घेराचा नियम नेमक्या त्याच झाडांवर खूण करतो.

पश्चिम कालिमंतानातल्या गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानात लिसा करन आणि सहकाऱ्यांनी 1998 चा बहर पाहिला. उद्यानाच्या आत तोड नव्हती, बाहेर सगळीकडे होती. बाहेरच्या तोडलेल्या जंगलात बी नव्हते, म्हणून बी खाणारे प्राणी आतल्या बहरावर तुटून पडले. त्यात दुष्काळाचीही भर पडली. एवढ्या मोठ्या बहरातून जवळजवळ एकही रोप टिकले नाही. तोडीचा परिणाम तोडलेल्या हद्दीत थांबत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. थायलंडमध्ये जाबौरी गझूल यांनी सालाच्याच वंशातल्या एका जातीत दुसरी अडचण दाखवली. झाडे विरळ झाल्यावर परागण करणाऱ्या लहान मधमाश्या एकाच झाडावर रेंगाळतात, दूरच्या झाडापर्यंत जात नाहीत. फुले येतात पण फळधारणा घटते. उभे असलेले, निरोगी, फुललेले झाड, तरीही जवळजवळ वांझ.

आगीचा विषय याला जोडूनच येतो. न तोडलेले वर्षावन आतून इतके दमट असते की त्यात वणवा सहसा शिरत नाही. पॅरागोमिनासजवळच्या अभ्यासात दिसले की छत फाटलेल्या, तोडीचा पालापाचोळा आणि फांद्या पडलेल्या जंगलात पाच-सहा दिवस पाऊस नसला तरी आग पेट घेऊ शकते. 1982-83 च्या एल निन्योत बोर्निओने याचा भयंकर अनुभव घेतला. पूर्व कालिमंतानात तीस लाख हेक्टरांहून अधिक आणि सबामध्ये सुमारे दहा लाख हेक्टर क्षेत्र आगीच्या तडाख्यात सापडले, आणि तोड झालेल्या जंगलांचे नुकसान न तोडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. वर्षावनातल्या झाडांची साल पातळ असते. आपल्याकडच्या पानगळीच्या रानातली झाडे जमिनीलगतचा वणवा सोसतात, तसा त्यांना सोसत नाही. जे झाड करवतीतून, ओंडक्यातून, वाऱ्यातून वाचले, ते गुडघाभर उंचीच्या आगीत मरते.

महाराष्ट्राचा याच्याशी संबंध घराच्या दारापाशीच आहे. लाकडाच्या वखारीत दरवाजाच्या चौकटीसाठी ‘मलेशियन साल’ मागितला, तर मिळते ते लाकूड मेरांटीच्या वंशातल्या जड जातींचे असते. फर्निचरच्या प्लायवूडला लागणारा गर्जनही डिप्टेरोकार्पच. भारताच्या 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने सदाहरित वर्षावनांना पूर्ण संरक्षण द्यावे असे म्हटले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात मंजूर कार्य आयोजनेशिवाय होणारी वृक्षतोड देशभर थांबवली. पश्चिम घाटातल्या सदाहरित जंगलांत त्याआधीच निवड तोड आटोपत आली होती. कोडगू जिल्ह्यात उप्पंगळा इथे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने राखलेल्या भूखंडांत अशा जुन्या तोडीनंतरच्या झाडांची मोजणी आजही उपयोगी पडते. आपल्या जंगलांबाबतचे हे निर्णय योग्यच होते. पण लाकडाची गरज कमी झाली नाही, ती समुद्रापलीकडे गेली. बोर्निओतल्या सारावाकमधून निघणाऱ्या गोल लाकडाचा भारत अनेक वर्षे मोठे गिऱ्हाईक राहिला. चौकट विकत घेणाऱ्याला ते लाकूड कोणत्या पद्धतीने तोडले हे विचारता येईल अशी सोय वखारीत नाही, आणि ती असायला हवी.

एवढे सगळे वाचून निवड तोड झालेले जंगल संपलेच असे कोणी म्हटले, तर ते मात्र साफ चुकीचे आहे. पुट्झ आणि सहकाऱ्यांनी 2012 साली शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. एकदा तोड झालेल्या जंगलात 85 ते 100 टक्के जाती टिकून होत्या आणि सरासरी 76 टक्के कार्बन उरला होता. लाकडाचे उत्पन्न मात्र दुसऱ्या फेरीला पहिल्यापेक्षा जवळजवळ निम्म्याने घटते. जंगल जगते, लाकडाचा धंदा पूर्वीसारखा चालत नाही. ॲमेझॉनमधल्या भूखंडांवरून निघालेला हिशेबही बोलका आहे. तोडीत 10 टक्के जैववस्तुमान गेले तर भरून यायला सुमारे 12 वर्षे, 25 टक्के गेले तर 43, आणि निम्मे गेले तर 75. यातला फरक ठरवते ती नुकसानीची मात्रा, आणि ती मात्रा बरीचशी माणसाच्या हातात आहे. दुसरीकडे सबामध्येच 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार तोडलेली जंगले, नवी झाडे जोमाने वाढत असूनही, दहा वर्षांनंतरसुद्धा हवेत कार्बन सोडतच होती. मेलेले लाकूड आणि ढवळलेली माती यांचा हिशेब वाढीपेक्षा मोठा निघाला.

तोडलेल्या जंगलाला ‘निकृष्ट’ ठरवण्याची घाई धोक्याची आहे ती यामुळेच. ब्राझीलमध्ये उपग्रहचित्रांवरून ग्रेगरी ॲसनर यांच्या गटाने दाखवले की मुख्य रस्त्यांपासून 25 किलोमीटरच्या आत निवड तोड झालेल्या जंगलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश चार वर्षांत साफ केले गेले. बोर्निओत तोडलेल्या जंगलाच्या जागी तेलताडाचे मळे आले. जखमी झाडे हीच जंगल पुसून टाकण्याची सबब बनते. डॅनमच्या भोवतालच्या उलू सेगामा-मलुआ जंगलात 2007 च्या अखेरीस तोड थांबवली गेली, आणि तिथल्या अनुभवातून उलट चित्र पुढे आले. 1980 च्या दशकात तोडलेल्या ज्या भागांत वेली छाटल्या आणि डिप्टेरोकार्पची रोपे लावली, तिथे हेक्टरी वर्षाला 4.4 टन कार्बन साठत गेला. आपोआप वाढायला सोडलेल्या भागात 2.9 टन. हे आकडे 2020 साली प्रसिद्ध झाले.

मग काळजीपूर्वक तोड सर्वत्र का रुजली नाही? खर्चाचे कारण पुढे केले जाते. पण पॅरागोमिनास भागातच थॉमस होम्स आणि सहकाऱ्यांनी 2002 साली मांडलेल्या हिशेबात आखून केलेली तोड घनमीटरमागे 12 टक्के स्वस्त पडली आणि नफा 19 टक्के जास्त झाला, कारण ट्रॅक्टर भटकला नाही, ओंडके हरवले नाहीत आणि बुंध्याशी लाकूड वाया गेले नाही. सबाच्या डोंगराळ भागात गणित वेगळे आहे. तिथे उतार आणि ओढे वगळल्याने हाती येणारे लाकूडच कमी होते, आणि ती तूट कोणीतरी भरून द्यावी लागते. त्या वीज कंपनीने दिले ते नेमके त्याचेच पैसे.

खरी अडचण मजुरीच्या पद्धतीत आहे. करवतवाल्याला आणि ट्रॅक्टरचालकाला बहुतेक ठिकाणी घनमीटरवर पैसे मिळतात. वेली पाहायला, पडण्याची दिशा ठरवायला, शेजारचे तरणे झाड वाचवायला लागणारा वेळ त्याच्या पदरचा जातो, आणि त्यातून होणारी बचत मालकाकडे जाते. ब्राझीलमधल्या प्रशिक्षण केंद्रात करवतवाल्यांना पहिल्याच दिवसांत एक गोष्ट शिकवतात: करवतीचे पाते खोडात उभे खुपसून आत पोकळी आहे का ते तपासायचे, आणि पोकळ निघाले तर झाड उभेच ठेवायचे. ते झाड बी देत राहते आणि पडताना शेजाऱ्यांना मोडत नाही. हे शिकलेला माणूस दिवसाला चार झाडे कमी पाडेल. त्या चार झाडांची मजुरी त्याला मिळेल, आणि तोड संपल्यावर वनाधिकारी वाटेवरून चालत जाऊन सोललेल्या झाडांची मोजदाद करेल व शेवटचा हप्ता तिच्यावर ठरेल, अशी अट करारात घालायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.